बोट फिरताना तोंड मिटू नये



मुलांना वाचायला आणि शुद्ध लिहायला शिकविताना डोळ्यांच्या जोडीला हात, कान आणि जीभ यांनाही कामाला लावावे, हे तत्त्व आता पुष्कळ घरांतून मान्य झालेले आहे. त्यामुळे रव्याची परात, काचकागदाची अक्षरे किंवा चिकणमातीच्या वळ्यांची बाराखडी ही साधने कशी तयार करावीत, हे सांगण्यात आपली मिनिटे मी घालविणार नाही. मला सांगावयाचे आहे ते या साधनांच्या वापरातील एका बारकाव्याविषयी. तो सुटला तर बाकीचा सारा खटाटोप व्यर्थ जातो, आणि मोठ्या खेदाने म्हणावे लागते की, बहुतेक ठिकाणी तो सुटतोच. मुलाचे बोट अक्षराच्या वळणावरून फिरत असेल तेव्हा, त्याच क्षणी, त्या अक्षराचा ध्वनी त्याच्या स्वतःच्या तोंडून निघत असला पाहिजे. आधी नव्हे, मागाहून नव्हे, आणि केवळ शिक्षकाच्या तोंडून तर नव्हेच.

मध्यंतरी एका शाळेत पहिलीचा वर्ग पाहण्याचा योग आला. प्रत्येक मुलापुढे चाळलेल्या वाळूचे तबक होते, बाई कष्टाळू होत्या आणि वर्गात कमालीची शांतता होती. मुले ‘भ’ गिरवीत होती. खिडकीजवळच्या एका मुलीचे वळण तर इतके सुबक, की पाहत राहावे. तिच्या शेजारी बसून मी विचारले, “बाळ, हे काय काढलंस?” तिने माझ्याकडे पाहिले, तबकाकडे पाहिले आणि सांगितले, “म.” तिचे बोट ‘भ’ची गाठ बिनचूक घालीत होते, पण त्या गाठीशी कोणताही ध्वनी बांधला जात नव्हता, तिने एक चित्र काढले होते, अक्षर लिहिलेच नव्हते. वर्गातील शांततेची नोंद तपासणीच्या शेऱ्यात कौतुकाने होते, हे मला ठाऊक आहे. तरीही माझी शिक्षकांना आग्रहाची विनंती आहे की, गिरविण्याच्या तासापुरता तरी वर्गाला बोलण्याचा हुकूम द्यावा.

घरी आई मुलीची तिपेडी वेणी घालते ती आठवून पाहा. प्रत्येक पेड तेल लावून, विंचरून, कितीही नीटनेटका केला तरी तीन पेड शेजारी शेजारी सोडून दिल्याने वेणी होत नाही. प्रत्येक वळशाला एक पेड दुसऱ्यावर यावा लागतो, तेव्हाच ती धरते. तोंडातला ध्वनी, बोटाची गती आणि डोळ्यांपुढील आकृती हे आपले तीन पेड. सकाळी बाराखडीचे पाठांतर, दुपारी पाटीवर गिरविणे आणि संध्याकाळी तक्त्यावरील अक्षरे ओळखणे, अशी तिन्हींची निरनिराळी तजवीज करणारे पालक पेड विंचरीत बसतात, वेणी घालीतच नाहीत. वेणी फार आवळून घातली तर मुलगी रडते, म्हणून एका बैठकीत तीनचार अक्षरे आणि दहाबारा मिनिटे पुरेत. शिवाय वेणी सुटू लागते ती शेंड्याकडून. मुलाचे लेखनही शब्दाच्या अखेरीस सैल पडते, तोंडातला आवाज तेथे विरतो आणि शेवटची वेलांटी किंवा उकार राहून जातो. म्हणून शब्दाचे शेवटचे अक्षर पुरे होईपर्यंत मुलाचा आवाज खणखणीत राहील अशी खातरजमा करावी.

हे काही मी नव्याने सांगतो आहे असे नाही. पंतोजींच्या शाळेत धुळपाटी होती. तिच्यावर बोटाने किंवा काडीने अक्षर काढीत मुले ते मोठ्याने म्हणत. त्या शाळेचे इतर दोष पुष्कळ होते, छडीचा तर होताच, परंतु हात आणि तोंड यांची फारकत तिने केली नव्हती. मद्रासजवळ एग्मोर येथील अनाथ मुलांच्या शाळेचा कारभार 1789 पासून पाहणारे अँड्र्यू बेल यांनी वाळूत अक्षरे काढणारी एतद्देशीय मुले पाहिली, तो प्रघात आपल्या शाळेत घातला आणि 1797 मध्ये लंडनला छापलेल्या पुस्तकातून तो विलायतेस कळविला. पुढे 1907 मध्ये रोम येथे मारिया माँटेसोरी यांनी बालगृह काढले. तेथील काचकागदाच्या अक्षरांवरून मूल दोन बोटे फिरवी, ती ध्वनीच्या उच्चारासह. ताराबाई मोडक यांनी त्या पद्धतीतील महागडी साधने बाजूला ठेवून शंख-शिंपले, पाने, बिया यांवर आपल्या खेड्यांतील बालवाडी उभी केली. साधन स्वस्त झाले तरी तत्त्व तेच राहिले. अमेरिकेत लॉस एंजेलिसला वाचनात मागे पडलेल्या मुलांसाठी चिकित्सावर्ग चालविणाऱ्या ग्रेस फर्नाल्डबाईंचाही दंडक होता की, कागदावर ठळक लिहिलेला शब्द मुलाने बोटाने गिरवावा आणि गिरविताना त्याचा एकेक भाग उच्चारावा. इतक्या दूरदूरच्या लोकांची साक्ष एकाच जागी मिळत असताना आपण मात्र वाळू आणतो आणि ध्वनी विसरतो!

आता एक उदाहरण जरा जवळून पाहू. ‘घर’ला ‘धर’ वाचणारी मुले आपणांपैकी पुष्कळांच्या घरी असतील. अशा मुलाला रागावून “नीट बघ” म्हणण्यात अर्थ नाही. ते बघतच असते, आणि केवळ बघण्यापुरती ही दोन अक्षरे सख्खी भावंडे आहेत. त्याला प्रथम तोंडातला फरक जाणवू द्यावा. ‘ध’ म्हणताना जिभेचे टोक वरच्या दातांना लागते, ‘घ’ म्हणताना जिभेचा मागचा भाग टाळूकडे उचलला जातो. आणि दोन्ही वेळा तोंडासमोर धरलेल्या तळहातावर श्वासाचा झोत येतो, जो ‘ग’ आणि ‘द’ म्हणताना तसा येत नाही. मग परातीत ‘ध’ काढावयाचा. त्याच्या आरंभीची गाठ वळताना जीभ दातांना टेकलेली असावी, आणि दांडा खाली उतरताना ध्वनी बाहेर पडावा. ‘ध’ची शिरोरेघ गाठीवर जात नाही, ‘घ’ची मात्र सबंध अक्षरावर जाते, हेही बोटाला कळू द्यावे; पण तोंड मिटून नव्हे.

आणखी एक तक्रार मातांकडे. ‘क कमळाचा’, ‘प पतंगाचा’ हे आपण इतके घोकून घेतो, की ‘कप’ हा शब्द पुढे आला म्हणजे मूल ‘कमळ, पतंग’ म्हणून मोकळे होते. चित्र ओळखीपुरते असावे. बोट फिरताना मात्र ‘क’ एवढाच ध्वनी, आणि पुढच्या अक्षराकडे जाताना बोट न उचलता तो ध्वनी लांबवीत न्यावा, म्हणजे सुटी अक्षरे शब्दात मिसळतात.

ऱ्हस्व-दीर्घाचेही तसेच. 1962 च्या शुद्धलेखनविषयक नियमांचे कलम मुलाला पाठ करून घेण्यापूर्वी त्याच्या कानाला विचारा. ‘दूध’ म्हणताना दोन्ही हात लांब पसरावेत, ‘दुधात’ म्हणताना पहिल्या अक्षराला ते जवळ आणावेत. ‘फूल’ आणि ‘फुलाला’, ‘मूल’ आणि ‘मुलाला’, ‘वीट’ आणि ‘विटेला’ असे म्हणत गेले की उकार-वेलांटीचा आखूडपणा मुलाच्या दंडातच उतरतो. येथेही हात आणि उच्चार एकाच वेळी हवेत; आधी हातवारे आणि मग शब्द असे झाले की नुसती कवायत उरते.

वेळ संपत आल्याची खूण मला समोरून होत आहे, आणि जोडाक्षरांचा विषय तर उरलाच. पहिल्या वेलांटीबद्दल एवढेच सांगतो की, ‘कि’ या अक्षरात डोळा आधी वेलांटी पाहतो आणि जीभ आधी ‘क’ उच्चारते, म्हणून परातीत डावीकडे जागा सोडून ‘क’ प्रथम काढावा आणि ‘इ’ लांबवीत मग वेलांटी. रफाराची अडचण अधिक बिकट आहे. ‘सूर्य’ शब्दातला ‘र्’ आधी उच्चारला जातो आणि ‘य’च्या डोक्यावर मागाहून लिहिला जातो, तेथे तोंड आणि हात यांना बरोबर चालविणे कठीण. माझ्या मते अशा जागी ‘र्’ घोळवीत मुलाने बोट वर हवेतच धरावे, ‘य’ उच्चारीत तो काढावा, आणि मग तो ‘र्’ पुन्हा म्हणत रफार चढवावा. पण मोठे शब्द आले म्हणजे ‘र्’ किती वेळ घोळवावयाचा, हे सवडीने बोलण्यासारखे आहे. तूर्त घरी परातीत रवा पसराल, तेव्हा पहिले अक्षर मुलासमोर आपण स्वतः मोठ्याने म्हणत काढा, आणि मग परात त्याच्याकडे सरकवा.