परत चढवून दाखवा



  परिषदेच्या अध्यक्षाने वर्षभराच्या घडामोडींचा आढावा घ्यावा अशी प्रथा आहे. तो छापील अहवालात आला आहे, तिथे वाचावा. मला जे बोलायचं आहे ते मी बरीच वर्षं मनात ठेवलं होतं.

उद्योगांना आयटीचा आराखडा म्हणून आपण सल्लागार जे देतो, ती बहुतेक वेळा खरेदीची यादी असते. सर्व्हर कुठला, फायरवॉल कोणाची, यूपीएस किती केव्हीएचा, लायसन्स किती, सगळं तपशीलवार. शेवटच्या पानावर एक ओळ असते : बॅकअपची सोय केली जाईल. तो बॅकअप कोणत्या मशीनवर, कोणी, कधी परत चढवून पाहायचा, याबद्दल एक अक्षर नसतं. याची मला चीड आहे, आणि ती मी आज लपवणार नाही.

आराखडा सुरू व्हायला हवा दोन प्रश्नांपासून. काम किती वेळ बंद राहिलं तर चालेल? आणि किती वेळाच्या नोंदी गेल्या तर चालतील? मालकाला विचारलं की तो म्हणतो, एक मिनिटही नाही. त्याची किंमत सांगितली की खरं उत्तर निघतं. खरं तर विचारायला हवं ते खाली काम करणाऱ्यांना. दूध संघात सकाळ-संध्याकाळच्या संकलनाच्या वेळी एक तास जड जातो, भर दुपारी तीन तास गेले तरी निभावतं. साखर कारखान्याचा वजनकाटा गाळपाच्या हंगामात अडला तर उसाच्या गाड्यांची रांग रस्त्यावर येते, तोच काटा जुलैत आठवडाभर बंद असला तरी फारसं बिघडत नाही. फाउंड्रीत ई-वे बिल निघेना झालं की भरलेला ट्रक फाटकातच उभा राहतो. हे कुठल्याही कोटेशनमध्ये सापडत नाही. डिस्पॅचच्या टेबलाशी अर्धा दिवस बसलं की कळतं. आपल्यातले किती जण बसतात?

सकाळच्या सत्रात क्लाउड की स्वतःचा सर्व्हर, यावर मोठी खडाजंगी झाली. मी शांतपणे ऐकत होतो, कारण माझ्यापुरता हा वाद २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या महापुरात मिटला. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. माझ्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याचा सर्व्हर तळमजल्यावर होता, तो बुडाला. दुसऱ्याचं सगळं क्लाउडवर, पण वीज नाही, नेट नाही, टॉवर बंद. दोघेही सारखेच हात बांधून बसले. पाणी उतरल्यावर सगळ्यात आधी उभा राहिला तो तिसरा. त्याचे मुनीमजी दर शनिवारी एक डिस्क विट्याला घरी नेत, आणि तिथल्या जुन्या संगणकावर हिशेब उघडतो की नाही हे पाहत. मुनीमजींना ही सवय कोणत्याही सल्लागाराने लावलेली नव्हती.

मोठ्यांचंही निराळं नाही. १० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला ओव्हीएच या क्लाउड कंपनीचं डेटा सेंटर जळालं, आणि ज्यांचा बॅकअप त्याच इमारतीत होता त्यांच्या दोन्ही प्रती गेल्या. २६ सप्टेंबर २०२५ ला दक्षिण कोरियात देजॉनच्या सरकारी डेटा सेंटरमध्ये बॅटरीमुळे आग लागली. सरकारी कर्मचाऱ्यांच्या फायली ठेवणारी, ८५८ टेराबाइटची जी-ड्राइव्ह त्यात नष्ट झाली. आकार फार मोठा म्हणून तिची दुसरी प्रत बाहेर ठेवलेलीच नव्हती. पैसा, इमारत, माणसं, काय कमी होतं तिथे?

आपल्याकडे कंपन्यांना इलेक्ट्रॉनिक हिशेबाच्या वह्यांची प्रत भारतातल्या सर्व्हरवर रोज ठेवावी लागते, २०२२ च्या ऑगस्टपासून. नियम चांगला आहे. पण मी पाहिलेल्या तपासण्यांत विचारलं जातं ते एवढंच, की बॅकअप घेता का? उघडून दाखवा, असं कोणी म्हणत नाही. दोन डिस्कवर एकदम लिहिणाऱ्या रेडला बॅकअप समजणारे सल्लागार आजही भेटतात. अहो, एका डिस्कवरची चुकून पुसलेली फाइल त्याच क्षणी दुसरीवरूनही पुसली जाते. बॅकअपची डिस्क कायम सर्व्हरला जोडून ठेवणारे तर सर्रास आहेत. रॅन्समवेअर आलं की तीही कुलूपबंद होते.

काही तरुण मित्र म्हणतात, गिऱ्हाईक बॅकअप परत चढवून पाहण्याच्या चाचणीचे पैसे देत नाही. देत नाही, कारण आपण मागत नाही. फायरवॉलचे मागतो, कारण तिच्यात कमिशन आहे. हे कटू आहे, पण या सभागृहात नाही बोलायचं तर कुठे बोलायचं?

परिषदेने ही चाचणी धरून करारनाम्याचा एक नमुना तयार करावा, लहान उद्योगांसाठी सोप्या मराठीत एक पुस्तिका काढावी, तालुक्याच्या गावी शिबिरं घ्यावीत. तपशील नवी कार्यकारिणी ठरवील, माझी मदत राहीलच.

आपल्याकडे मात्र मागणं एकच. परत गेलात की एक गिऱ्हाईक निवडा. मालकाला आणि हिशेब पाहणाऱ्या बाईंना शेजारी बसवा. कालचा बॅकअप कोऱ्या मशीनवर चढवा आणि घड्याळ लावा. शेवटचं बिल पडद्यावर दिसेपर्यंत कुठल्याही आराखड्यावर सही करू नका.