स्वातंत्र्य आधी की शिक्षण आधी?



शिक्षणावाचून माणूस स्वातंत्र्याला लायक होत नाही, असे सांगणारे शहाणे सर्व देशांत भेटतात. त्यांना अमेरिकेतील कृष्णवर्णीय संपादकांनी काय उत्तर दिले, ते आम्ही आज आपणांपुढे मांडणार आहोत.

साउथ कॅरोलिनात १७४० सालच्या कायद्याने गुलामाला लिहावयास शिकविणे हा गुन्हा ठरला होता. ज्यांनी शाळेचे दार लावून घेतले, त्यांचेच वारस पुढे 'हे लोक अडाणी आहेत' म्हणून मताचा हक्क नाकारू लागले! १८२७ साली न्यूयॉर्कात कॉर्निश व रसवर्म यांनी 'फ्रीडम्स जर्नल' काढले. आजवर आमची बाजू इतरांनी मांडली, आता आम्हीच मांडू, असा त्याच्या पहिल्या अग्रलेखाचा आशय होता. शिक्षणाचा आग्रहही त्यातच होता.

परंतु खरी कसोटी लागली ती न्यू ऑर्लिन्सला. १ जानेवारी १८६३ चा लिंकनचा मुक्तीचा जाहीरनामा या शहराला लागू नव्हता; कारण ते आधीच संघसरकारच्या ताब्यात आले होते. तेथे १८६४ च्या जुलैत डॉ. लुई रूदानेझ यांनी 'ट्रिब्यून' सुरू केले. ते फ्रेंच व इंग्रजी अशा दोन भाषांत निघे आणि लवकरच दैनिक झाले. ते चालविणारी मंडळी जन्मतः स्वतंत्र, सुशिक्षित, बाळगून असलेली. उजळ वर्णाच्या किंवा शिकलेल्या थोड्यांनाच मत द्यावे, अशा सूचना तेव्हा पुढे येत होत्या. या मंडळींचा त्यात लाभच होता. तरीही मळ्यावरच्या मुक्त गुलामालाही मत हवे, अशी भूमिका पत्राने घेतली. मजुरांना वर्षाच्या कराराने मळ्याशी जखडणारे लष्करी नियम म्हणजे गुलामगिरीचेच दुसरे रूप, असे त्याने बजावले. वर्णावरून वेगळ्या शाळा नकोत, हीही त्याची मागणी होती. १८६८ च्या लुइझियानाच्या घटनेत ती आली. अंमल मात्र अपुरा राहिला आणि १८७७ नंतर वेगळ्या शाळा पुन्हा बोकाळल्या.

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला, हे आपण जाणताच. त्या मुक्तीसाठी स्वतः गुलामांच्या जातभाईंनीही लेखणी झिजविली होती, एवढे त्यात जोडून घ्यावे.

शिक्षण हा स्वातंत्र्याचा उपयोग आहे. त्याचे प्रवेशशुल्क नव्हे. त्या अग्रलेखांतून आम्ही हेच शिकलो.