मोंद्रागोनची मतपेटी

इसवी सन १९४३ मध्ये स्पेन देशाच्या उत्तरेकडील एका लहानशा गावात रस्त्यांच्या कोपऱ्यांवर पेट्या ठेवण्यात आल्या. निवडणुकीच्या दिवशी ठेवतात तशाच त्या होत्या. परंतु त्या वेळी त्या देशात मत देण्यासारखे काही उरले नव्हते. १९३६ च्या फेब्रुवारीत झालेली सार्वत्रिक निवडणूक ही शेवटची. त्यानंतर जवळजवळ तीन वर्षे यादवी युद्ध झाले, जनरल फ्रँको विजयी झाला, आणि एक सरकारी पक्ष सोडून बाकीचे सारे पक्ष कायद्याने बंद झाले. मग ह्या पेट्यांत टाकावयाचे काय? तर गावातील मुलांसाठी एक तांत्रिक शाळा काढावयाची होती. तिला हातभार लावण्याची ज्याची इच्छा असेल त्याने आपले नाव, पत्ता, आणि पैशाने अगर श्रमाने आपण काय देऊ हे चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकावे, एवढेच मागणे होते. जवळजवळ सहाशे चिठ्ठ्या निघाल्या. गावाची वस्ती सात-आठ हजारांची. युद्धाने गांजलेली, अर्धपोटी. त्या मानाने हा आकडा थोडा नव्हे.

त्या गावाचे नाव मोंद्रागोन. डोंगरांनी वेढलेल्या बास्क प्रांतातील हे गाव जुन्या काळापासून लोखंडाच्या कामाबद्दल प्रसिद्ध होते. पेट्यांची कल्पना काढणारे गृहस्थ म्हणजे तेथील चर्चमधले तरुण धर्मोपदेशक होसे मारीया आरिस्मेंदिआर्रिएता. नाव उच्चारण्यास कठीण आहे खरे. गावकरीही त्यांना 'डॉन होसे मारीया' एवढेच म्हणत. (डॉन हा त्या भाषेतील आदराचा शब्द, मराठीतील 'राव' किंवा 'पंत' ह्यांच्या जातीचा.) १९१५ मध्ये शेतकरी कुटुंबात जन्म, बालपणीच अपघाताने डावा डोळा गेलेला, यादवीत बास्क भाषेतील वृत्तपत्रात काम केलेले, आणि पराभवानंतर काही काळ तुरुंगात काढलेला, असा हा मनुष्य १९४१ च्या फेब्रुवारीत मोंद्रागोनला आला. वक्तृत्व मुळीच नव्हते. त्यांची प्रवचने इतकी रुक्ष होत की, ह्यांच्याऐवजी दुसरा कोणी पाठवा अशी मागणी काही भाविकांनी केली असे सांगतात. सभा जिंकणाऱ्या पुढाऱ्याचे गुण शोधू गेल्यास ह्यांच्या ठिकाणी त्यांतला एकही सापडत नाही, आणि पुढील हकिकत समजण्यास ही गोष्ट लक्षात ठेवणे अवश्य आहे.

गावात कुलपे व इतर लोखंडी सामान करणारा एक मोठा कारखाना होता. त्याची स्वतःची उमेदवारांची शाळा होती; परंतु तीत जागा मोजक्या, आणि त्याही बहुतेक कारखान्यातील कामगारांच्या मुलांसाठी. डॉन होसे मारीया तेथे शिकवीत असत. प्रवेश वाढवा, खर्चाची तोंडमिळवणी गाव करील, असे त्यांनी चालकांना सुचविले; चालकांनी नकार दिला. तेव्हा पेट्या निघाल्या. १९४३ च्या ऑक्टोबरात वीस मुलांनिशी नवी शाळा सुरू झाली.

ह्या शाळेत कानस चालविणे जितके शिकविले जाई तितकाच विचार करणेही. भांडवल म्हणजे काय, मजुरी कशी ठरते, मालकी कोणाची असावी, अशा प्रश्नांवर संध्याकाळी लहान लहान अभ्यासमंडळे भरत. पुढे एका माजी विद्यार्थ्याने हिशेब केला, तेव्हा डॉन होसे मारीयांनी सुमारे चौदा वर्षांत अशी दोन हजारांहून अधिक मंडळे चालविली होती असे निघाले. म्हणजे दर तीन दिवसांस एक! पहिल्या विद्यार्थ्यांपैकी अकरा जणांनी कारखान्यातील नोकरी सांभाळून, सारागोसा विद्यापीठाच्या परीक्षा बाहेरून देऊन, १९५२ मध्ये अभियांत्रिकीची पदवी मिळविली. कामगाराच्या मुलाने त्या काळी असे काही करणे ही नवलाईच होती.

शिकलेली मुले मोठी झाली, जुन्या कारखान्यात जबाबदारीच्या जागांवर चढली, आणि मग खटका उडाला. कारखान्याचे भांडवल वाढवावयाचे ठरले तेव्हा त्यात कामगारांनाही भाग घेऊ द्यावा अशी त्यांची विनंती होती. ती अमान्य झाली. पाच जणांनी नोकरी सोडली. हाती भांडवल नव्हते. गावातील सुमारे शंभर माणसांनी केवळ विश्वासावर पैसे दिले. ते पैसे घेतले तेव्हा कोणता धंदा काढावयाचा हेही पक्के ठरले नव्हते. नवा कारखाना काढण्यास सरकारी परवाना मिळणे दुरापास्त होते, म्हणून १९५५ मध्ये त्यांनी वितोरिया शहरातील एक दिवाळे निघालेला लहान कारखाना त्याच्या परवान्यासह विकत घेतला, आणि १९५६ मध्ये मोंद्रागोनमध्ये काम सुरू केले. पाचही जणांच्या आडनावांतील अक्षरे जुळवून त्याला 'उल्गोर' हे नाव दिले. पहिला माल म्हणजे खोली उबदार ठेवण्याची रॉकेलची शेगडी.

शेगड्या कोणीही करतो. उल्गोरचे वैशिष्ट्य शेगडीत नसून घटनेत होते. १९४२ च्या सहकारी कायद्याचा आधार घेऊन, त्यातील वाटा धुंडाळून, ही घटना तयार झाली आणि १९५९ मध्ये मंजूर झाली. तिचा गाभा असा: जो येथे काम करतो तोच मालक, आणि जो काम करीत नाही त्याला मालकी नाही. सभासद होताना प्रत्येकाने ठराविक रक्कम भरावयाची, जवळ नसल्यास पगारातून हप्त्याने. वार्षिक सभा नियामक मंडळ निवडते. मंडळ व्यवस्थापकाची नेमणूक करते, आणि काम न पटल्यास त्याला दूरही करते. भरलेली रक्कम थोडी असो वा फार, एका सभासदास एकच मत, हा नियम तेथे स्थिर झाला. सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या वेतनात प्रारंभी तिप्पटीहून अधिक अंतर नव्हते. नंतर ते काही ठिकाणी सहापटीपर्यंत वाढले. वर्षअखेरीच्या वाढाव्यातील एक दशांश शिक्षणास व लोकोपयोगी कामास, मोठा हिस्सा राखीव निधीस. उरलेला सभासदांच्या खात्यावर चढे, पण हातात पडत नसे. निवृत्तीच्या किंवा संस्था सोडण्याच्या वेळी तो मिळावयाचा. ह्या शेवटच्या नियमामुळेच कारखान्याला स्वतःचे भांडवल उभे करता आले. नफा वाटून खाल्ला असता तर शेगडीपुढे मजल गेली नसती.

आता गावाची स्थिती डोळ्यांसमोर आणावी. नगराध्यक्ष वरून नेमलेला. कामगार संघटना सरकारी. राजधानीतील कायदेमंडळात लोकांनी मोकळेपणाने निवडलेले प्रतिनिधी नाहीत. अशा गावातील यंत्रावर काम करणारा मनुष्य आपल्या कारखान्याचा कारभार पाहणारी माणसे मात्र मत देऊन निवडीत होता, आणि वार्षिक सभेत उभा राहून त्यांना जाब विचारीत होता. स्पेनमध्ये खुली निवडणूक झाली ती १५ जून १९७७ रोजी. तोपर्यंत मोंद्रागोनच्या कित्येक कामगारांना सभेत बसण्याची, हिशेब वाचण्याची आणि हरलेले मत मुकाट्याने सोसण्याची दीड तपाची सवय झालेली होती. पक्षाने दिलेले हे शिक्षण नव्हते, पक्षच नव्हते.

१९५९ मध्येच त्यांनी पतपेढी काढली. तिची हकिकत मजेची आहे. उल्गोरच्या चालकांना पेढीची कल्पना मुळीच रुचली नव्हती. लोखंडाचे काम करणाऱ्यांनी सावकारी कशाला करावी, असे ते म्हणत. डॉन होसे मारीयांनी पेढीची कागदपत्रे परस्पर तयार करून सरकारदरबारी दाखल केली, आणि त्यांवर संस्थापकांच्या सह्याही स्वतःच ठोकल्या, असे सांगतात. धर्मोपदेशकाने असे करावे काय हा प्रश्न बाजूस ठेवला तरी पेढीवाचून पुढचे काहीच घडले नसते हे खरे. 'बचतीचे पुस्तक की प्रवासाची पेटी' अशा अर्थाची घोषणा देऊन पेढीने खोऱ्यातील लोकांकडून ठेवी मागितल्या. पैसा येथे राहिला तर काम येथे निघेल, नाही तर मुलांना परमुलखी जावे लागेल. ठेवी आल्या, आणि त्यांतून एकामागून एक नवे कारखाने निघाले. सभासद कायद्याने मालक ठरत असल्यामुळे त्यांना कामगारांचा सरकारी विमा मिळेना. तेव्हा आजारपणाची व म्हातारपणाची तरतूदही त्यांनी आपापसांत केली.

महाराष्ट्रातील श्रोत्यांना येथे प्रवरानगर आठवेल. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ ह्यांच्या प्रयत्नाने १९५० मध्ये तेथे उभा राहिलेला साखर कारखाना ही मोठीच गोष्ट होती. परंतु दोहोंत एक भेद आहे. साखर कारखान्याचा सभासद म्हणजे ऊस पिकविणारा शेतकरी. गाळपावर राबणारा कामगार आणि फडात कोयता चालविणारा मजूर हा पगारी किंवा रोजंदारी माणूस. मोंद्रागोनमध्ये राबणाराच सभासद. दुसराही भेद आहे. महाराष्ट्रात कारखान्याच्या अध्यक्षपदावरून विधानसभेकडे जाणारा रस्ता पुष्कळ जणांनी मळवून ठेवला. बास्क खोऱ्यातील संस्थांनी मात्र आपला पक्ष काढला नाही, की कोणत्या पक्षाला त्या बांधल्या गेल्या नाहीत.

ह्या अलिप्ततेवर टीका झाली, आणि ती अगदीच पोकळ नव्हती. हुकूमशाहीविरुद्ध लढणाऱ्या डाव्या व उग्र राष्ट्रवादी गटांचे म्हणणे असे की, सहकाराने कामगाराला सुखवस्तू करून लढ्यापासून दूर नेले. देश तुरुंगात असता आपल्या खोलीची रंगरंगोटी केली. ह्याला डॉन होसे मारीयांचे उत्तर बहुधा नवा कारखाना किंवा नवी शाळा काढणे हेच असे. वादविवादात ते विजयी झाले असे म्हणता येणार नाही.

खरी परीक्षा आतूनच आली. १९७४ च्या जूनमध्ये उल्गोरमध्येच संप झाला. तोवर तेथे सुमारे साडेतीन हजार माणसे काम करीत होती. कामांची प्रतवारी नव्याने ठरविण्यात आली. तीत आपला दर्जा उतरला असे पुष्कळांना वाटले. सुमारे चारशे जणांनी काम थांबविले. मालकाने मालकाविरुद्ध संप करावा हे घटनेला मान्य नव्हते. नियामक मंडळाने सतरा पुढाऱ्यांना काढून टाकले, बाकीच्यांना दंड केला. प्रकरण सर्वसाधारण सभेपुढे गेले. सभेने बहुमताने शिक्षा कायम केली. ज्यांनी मत देऊन मंडळ निवडले त्यांनीच मत देऊन आपल्या सोबत्यांना घराबाहेर काढले. गावात भाऊ भावाशी बोलेना. चार वर्षांनी, १९७८ मध्ये, त्याच सभेने पुन्हा मत दिले आणि त्यांना परत घेतले. परंतु एवढ्या मोठ्या कारखान्यात मत असूनही माणसाचा आवाज हरवतो हे तेव्हा ध्यानात आले, आणि नवीन संस्था आकाराने आटोपशीर ठेवण्याकडे कल वाढला. डॉन होसे मारीया ही परत घेण्याची सभा पाहावयास नव्हते. २९ नोव्हेंबर १९७६ रोजी ते वारले. देशातील पहिली खुली निवडणूकही त्यांच्या डोळ्यांस दिसली नाही.

पुढे पसारा फार वाढला. कारखाने, दुकाने, संशोधनशाळा मिळून सत्तर हजारांच्या आसपास माणसे त्यात काम करू लागली. त्या वीस मुलांच्या शाळेतून वाढत वाढत १९९७ मध्ये विद्यापीठ झाले. पण जगाच्या बाजारात टिकावे म्हणून परदेशांतही कारखाने घेतले गेले, आणि तेथील कामगार सभासद नव्हते. उल्गोरचे नाव पुढे फागोर झाले. घरगुती यंत्रे करणाऱ्या ह्या कारखान्याने २००५ मध्ये फ्रान्समधील एक मोठा कारखाना विकत घेतला. मागोमाग स्पेनमध्ये घरबांधणीचा धंदा कोसळला आणि यंत्रांना गिऱ्हाईक उरले नाही. इतर सहकारी संस्थांनी कोट्यवधींची मदत केली. २०१३ च्या ऑक्टोबरात मात्र अधिक देणे त्यांनी नाकारले. सर्वांत जुनी, सर्वांची आई म्हणावी अशी संस्था बुडाली. सभासदांनी तिच्यात ठेवलेली आयुष्याची पुंजी गेली. तरी बास्क सभासदांपैकी बहुतेकांना दुसऱ्या सहकारी कारखान्यांत काम मिळाले, किंवा मुदतीपूर्वी निवृत्ती देऊन त्यांची सोय लावण्यात आली. पोलंडमधील आणि फ्रान्समधील कामगारांना हा आसरा नव्हता. ज्यांना मत नव्हते त्यांना ही हमीही नव्हती. सत्तर वर्षांपूर्वी चौकात ठेवलेल्या पेट्यांशी हे विसंगत होते, असेच म्हणावे लागेल.

१६ डिसेंबर २०२२ रोजी ओरोना आणि उल्मा ह्या दोन मोठ्या संस्थांच्या सभा भरल्या. मोंद्रागोनच्या संघात राहावयाचे की बाहेर पडून स्वतंत्र चालावयाचे, हा प्रश्न होता. राहणे हे सक्तीचे कधीच नव्हते. सभासदांनी मते दिली. दोन्ही ठिकाणी मोठ्या बहुमताने बाहेर पडण्याचे ठरले, आणि उरलेल्या संस्थांनी तो निकाल मानला.