डॉ. हेल्मींची गोष्ट आणि आपले फॉरवर्ड



आज डॉ. मोहम्मद हेल्मी यांच्याविषयी बोलायचं आहे. तुमच्यापैकी काहींनी त्यांचं नाव मोबाइलवर वाचलं असेल, ज्यू मुलीला वाचवणारा मुसलमान डॉक्टर म्हणून. मेसेज चार ओळींचा असतो. मूळ हकीकत त्यापेक्षा बरीच अवघड आहे, आणि म्हणूनच ती सांगावीशी वाटते.

हेल्मी इजिप्शियन. जन्म १९०१ चा, खार्टूममधला. १९२२ मध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी बर्लिनला गेले आणि तिथेच डॉक्टरकी करू लागले. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला, तेव्हा रुग्णालयातल्या ज्यू डॉक्टरांना काढून टाकताना त्यांनी पाहिलं. पुढे त्यांचीही पाळी आली. नाझींच्या लेखी तेही हलक्या वंशाचे. नोकरी गेली, जर्मन मैत्रिणीशी ठरलेलं लग्न करायलाही मनाई झाली. १९३९ मध्ये इतर इजिप्शियन नागरिकांबरोबर अटक झाली. तब्येत ढासळली म्हणून वर्षभराने सुटले.

असा माणूस यानंतर गप्प बसला असता, तर त्याला कोण नावं ठेवणार होतं? पण बर्लिनमधून ज्यूंना छावण्यांकडे पाठवायला सुरुवात झाली, तेव्हा त्यांनी ॲना बोरोस या ओळखीच्या घरातल्या तरुण मुलीला बर्लिन-बूख भागातल्या आपल्या छोट्या घरात लपवलं. गेस्टापोला संशय होताच. चौकशी जवळ आली की ते तिला मित्रांकडे हलवत, आपली नातलग म्हणून ओळख करून देत. तिच्या आजीला फ्रीडा श्टुरमान या जर्मन बाईंनी वर्षभराहून जास्त काळ स्वतःच्या घरात ठेवलं. फॉरवर्डमध्ये या बाईंचं नाव सहसा नसतं. १९४४ मध्ये ॲनाची आई आणि सावत्र वडील पकडले गेले आणि चौकशीत हेल्मींचं नाव बाहेर आलं. हेल्मींनी ॲनाला तातडीने फ्रीडाबाईंकडे पोचवलं आणि पोलिसांपुढे तिच्या नावचं पत्र ठेवलं, की मी देस्साउला नातलगाकडे आहे. सगळा बनाव होता. आजी, आई, सावत्र वडील, ॲना, चौघंही युद्धातून जिवंत बाहेर पडले.

आता अवघड भाग. त्याच काळात जेरुसलेमचे मुफ्ती अमीन अल-हुसैनीही बर्लिनमध्येच होते. नोव्हेंबर १९४१ मध्ये ते हिटलरला भेटले. अरबी रेडिओवरून त्यांनी ज्यूद्वेष पसरवला, बोस्नियातल्या मुसलमान तरुणांना एसएसमध्ये भरती करायला मदत केली. डिसेंबर १९४२ मध्ये बर्लिनच्या इस्लामी केंद्रीय संस्थेच्या उद्घाटनात त्यांचं भाषण झालं. आणि हेल्मींनी याच संस्थेकडून ॲनाने इस्लाम स्वीकारल्याचं प्रमाणपत्र मिळवलं! वर एका इजिप्शियन माणसाशी तिचा निकाह आपल्या घरी झाल्याचा अरबी कागदही करून घेतला.

मुफ्तींचं नाव घेऊन आपल्याला पिंजऱ्यात उभं करणारे भेटतात. आपण उत्तरादाखल हेल्मी पुढे करतो. दोन्हीकडे हिशेब तोच, एकाची करणी अख्ख्या समाजाच्या खात्यावर मांडायची. नाझींचं राज्य तर याच हिशेबावर चाललं. म्हणून माझं म्हणणं, हेल्मी सांगायचे तर मुफ्तीही आपणच सांगावेत, दुसऱ्याने विचारायच्या आधी.

हेल्मी १९८२ मध्ये बर्लिनमध्येच वारले. युद्धानंतर का होईना, ठरलेलं लग्न झालं होतं. ॲनाचं कुटुंब अमेरिकेला गेलं, पण त्यांनी बर्लिनच्या सिनेटला हेल्मींविषयी पत्रं लिहिली. ती सरकारी दप्तरात टिकली म्हणून आज आपल्याला हे ठाऊक आहे. ज्यूंचे जीव वाचवणाऱ्या बिगरज्यूंना इस्रायलची याद वाशेम ही संस्था सन्मान देते. २०१३ मध्ये तो फ्रीडाबाईंना आणि हेल्मींना जाहीर झाला. हेल्मी हा मान मिळालेले पहिले अरब. इजिप्तमधल्या नातलगांनी नकार दिला. दुसऱ्या देशाने दिला असता तर घेतला असता, इस्रायलकडून नको, असं त्यांचं म्हणणं. २०१७ मध्ये घरातल्याच दुसऱ्या एकाने तो बर्लिनमध्ये स्वीकारला.

नकार देणाऱ्यांवर मला रागावता येत नाही. पॅलेस्टाइनची वेदना खरी आहे. तरी मी तो घेतला असता, कारण त्यामागे ॲनाच्या घरच्यांनी लिहिलेली पत्रं आहेत. तुमच्यातल्या काहींना हे पटणार नाही. चहानंतर बसू, तेव्हा आधी त्यांनी बोलावं.