तसबिरीखालचं नाव



‘शाळेने मला काय दिलं’ यावर बोलायचं ठरलं होतं. पण मला एक जुनी चूक कबूल करायची आहे.

चित्रकलेच्या वर्गातली तसबीर आठवते? साडीतली तरुणी, हातात दिवा, ज्योतीला दुसऱ्या हाताचा आडोसा. नववीत सर म्हणाले, “हे हळदणकरांचं चित्र.” मी उठून म्हटलं, “नाही सर, राजा रविवर्म्याचं. खालीच लिहिलंय.” वर्ग हसला. सर म्हणाले, “खाली कुणीही लिहितं,” आणि फळ्याकडे वळले. मी मात्र आठवडाभर जिंकल्याच्या तोऱ्यात होते.

नोकरीसाठी बंगळूरला गेल्यावर म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये मूळ चित्र पाहिलं. ‘ग्लो ऑफ होप’, सावंतवाडीच्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं. त्यांची स्वतःची मुलगीच दिवा धरून उभी राहिली होती. म्हणजे हे एका बापाने काढलेलं लेकीचं चित्र, आणि नाव भलत्याचंच!

खरं तर पुरावा साधा आहे. रविवर्मा गेले 1906 मध्ये. हे चित्र 1940 च्या दशकातलं. रविवर्म्यांची ख्याती तैलरंगांची. हे जलरंगात आहे. बोटांतून झिरपणारा तो लालसर उजेड जलरंगात आणणं म्हणजे कमालच, कारण तिथे चुकलं तर वरून रंग चढवून झाकता येत नाही. पण छापील तसबिरीत, काचेमागे, तैलरंग काय नि जलरंग काय, सारखेच दिसतात. मग माणूस चित्र सोडून नाव वाचतो. आणि स्त्री, साडी, दिवा म्हटलं की ओठांवर येणारं नाव एकच.

आता हेच काम इंटरनेट करतं. एकाने चुकीचं नाव टाकलं की हजार जण उचलतात. आमच्या क्षेत्रात याला हजार पुरावे धरत नाहीत; एकाच चुकीच्या हजार प्रती म्हणतात. हे मला सरांनी नववीतच सांगितलं होतं, माझ्या डोक्यात शिरलं नाही.

सर, तुम्ही समोर बसला आहात. तीस वर्षं उशीर झाला, माफ करा.

सकाळी वर्गात डोकावून आले. तसबीर तिथेच आहे, नावही तेच. नवी पट्टी मी छापून आणली आहे. चहानंतर सरांच्या हातून ती लावू या. स्टूल मी धरते.