ज्येष्ठांची उपेक्षा : ओळखावी कशी, विचारावे कसे
(हीरक महोत्सवानिमित्त रिछाई येथे झालेल्या माजी विद्यार्थी-पालक मेळाव्यातील भाषण)



अशा मेळाव्यात आठवणी सांगाव्यात अशी अपेक्षा असते. त्या माझ्यापेक्षा रंगवून सांगणारे वक्ते आज येथे उपस्थित आहेत. संयोजकांनी मला डॉक्टर म्हणून बोलावले आहे, तेव्हा दवाखान्यात वर्षानुवर्षे जे पाहत आले त्याविषयी बोलते. आनंदाच्या प्रसंगी वृद्धांच्या छळाचा विषय कशाला, असे कुणाच्या मनात आले तर त्यांनी सभागृहाच्या पहिल्या तीन रांगांकडे पाहावे. साठ वर्षांपूर्वी पहिलीत बसलेली मुले आज पासष्टीच्या पुढे आहेत आणि त्यांना शिकविणारे जे गुरुजन सुदैवाने आपल्यात आहेत, ते नव्वदीकडे झुकले आहेत. हा विषय आपल्याच हजेरीपटावरचा आहे.

रिछाई, खमरिया, रांझी हा आपला परिसर कारखान्यांनी घडविला. गन कॅरेज फॅक्टरी 1904 ची, खमरियाची ऑर्डनन्स फॅक्टरी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली, व्हेईकल फॅक्टरी 1969 ची. या कारखान्यांत ज्यांनी हयात घालविली, त्यांच्यापैकी पुष्कळांनी इथेच घरे बांधली. मुले शिकली आणि पुण्याला, बंगळुरूला, परदेशी गेली. म्हणजे आपल्याकडचा वृद्ध माणूस बहुधा निर्धन नसतो. त्याला निवृत्तिवेतन असते, डोक्यावर स्वतःचे छप्पर असते. हे त्याचे कवच आहे, आणि काही घरांत तेच त्याच्या त्रासाचे कारण ठरते.

छळ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मारहाण येते. ती घडते, पण मला अधिक वेळा दिसते ते वेगळेच. चष्म्याची काडी चार महिने मोडलेली असते. श्रवणयंत्र असते, त्यात सेल नसतो. रक्तदाबाची गोळी 'संपली' म्हणून बंद असते आणि निवृत्तिवेतन मात्र दरमहा जमा होत असते. मी आजींना प्रश्न विचारते आणि उत्तर सोबत आलेली व्यक्ती देते. आजी बोलण्यापूर्वी त्या व्यक्तीच्या चेहऱ्याकडे पाहतात. दोन्ही दंडांवर बोटांच्या खुणा असतात आणि 'पडल्या' एवढेच सांगितले जाते. अंथरुणाला खिळलेल्या आजोबांच्या पाठीवरील जखमेला दुर्गंधी सुटेपर्यंत कुणी चादर उचलून पाहिलेली नसते. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. त्या दिवशी आजोबांना दाढी करून, धुतलेला सदरा घालून, हात धरून बँकेत आणले जाते. उरलेले अकरा महिने तो हात कुठे असतो, हे विचारण्यासारखे आहे.

येथे एक सावधगिरी सांगायलाच हवी. यातील कोणतेही एक चिन्ह पुरावा नव्हे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांनी किरकोळ धक्क्यानेही त्वचा काळीनिळी पडते. वजन मधुमेहाने घटते, क्षयाने घटते. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला आपले पैसे सुनेनेच चोरले असे मनोमन वाटत असते, आणि ती बिचारी दिवसरात्र त्याचेच करीत असते. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या सासूची सेवा करणारी सून स्वतः साठीची असते, तिचेही गुडघे गेलेले असतात. तिच्या हातून एखादा शब्द कठोर जातो, एखादी गोळी चुकते. तिला मदतनीस हवा, आठवड्यातून एक दिवस विसावा हवा. तिला आरोपी करून कुणाचेच भले होत नाही. म्हणून मी एका खुणेवर कधी निष्कर्ष काढत नाही. चारपाच खुणा एकत्र दिसल्या, आणि माणूस सहा महिन्यांत बदलला, गप्प झाला, तर थांबते. मात्र कोऱ्या कागदावर घेतलेली सही आणि नातवाच्या खिशात राहणारे एटीएम कार्ड यांचे स्पष्टीकरण थकव्याने होत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार साठीपुढील सहापैकी एका व्यक्तीला वर्षभरात कोणत्या ना कोणत्या प्रकारचा छळ सोसावा लागतो. आपल्या देशात 2017-18 मध्ये झालेल्या 'लासी' या मोठ्या सर्वेक्षणात सुमारे पाच टक्के ज्येष्ठांनीच तसे सांगितले. दोन्ही पाहण्यांची पद्धत वेगळी आहे, हे मान्य. तरीही हे सारे अंतर आपल्या संस्कारांमुळे पडले, असे मानायला माझे मन धजत नाही. आपल्याकडे घरची अब्रू हा शब्द फार जड आहे. आई मुलाविरुद्ध बोलत नाही. आणि बोललीच, तर रात्री तिला त्याच घरात झोपायचे असते.

म्हणून विचारण्याची रीत महत्त्वाची. 'मुलगा त्रास देतो का?' या प्रश्नाला 'नाही' याखेरीज उत्तर मिळत नाही. एकांत मिळवावा आणि साधे विचारावे : काकू, आज सकाळपासून काय काय खाल्लंत? पेन्शन आणायला कोण जातं? रात्री उठावं लागलं तर हाक कुणाला मारता? या तीन उत्तरांतून बहुतेक घर दिसते. शंका पक्की झाली तरी तडक मुलाला जाब विचारायला जाऊ नये. आपण बोलून आपल्या घरी जातो. काकू तिथेच राहतात. आधी त्यांना काय हवे ते विचारावे. जीवाला धोका दिसत असेल तर गोष्ट निराळी. तेव्हा पोलिसांना कळवायला क्षणाचाही विलंब नको.

जे माजी विद्यार्थी दूरगावाहून आज आले आहेत, त्यांना एक वेगळी विनंती. रविवारी ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉल होतो, तेव्हा सांभाळणारी बाई आईचे केस विंचरून, साडी बदलून बसविते. बुधवारी दुपारी, न सांगता, फोन करावा. आईशी एकटीशी बोलावे, फोन स्वयंपाकघरात नेऊन दाखवायला सांगावे. शेजारच्यांचा नंबर आपल्याजवळ असावा आणि वर्षातून दोनचारदा त्यांच्याशी बोलावे. दरमहा पैसे पाठविणे हे कर्तव्याचे अर्धेच अंग आहे, आणि ते पैसे आईवर खर्च होतात की नाही, हे पाहणारे कुणी नसेल तर तेवढेही नाही.

आता कायद्याविषयी थोडे. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणाचा कायदा 2007 साली झाला. त्यानुसार मुलगा, मुलगी, सज्ञान नातू व नात हे सारे जबाबदार आहेत. जबाबदारी मुलाचीच, हा समज कायद्याला मान्य नाही. उपविभागीय अधिकाऱ्याच्या, म्हणजे आपल्याकडे एसडीएमच्या, न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. वकील लावण्याची गरज नाही. दरमहा दहा हजार रुपयांपर्यंत निर्वाह मिळू शकतो आणि नोटीस बजावल्यापासून नव्वद दिवसांत, फार तर आणखी तीस दिवसांत, निर्णय व्हावा असे कायदा म्हणतो. स्वतः अर्ज करणे शक्य नसेल, तर अधिकार दिलेली दुसरी व्यक्ती किंवा संस्था तो करू शकते. वृद्धाला टाकून देणे हा तीन महिन्यांपर्यंत कारावासाचा गुन्हा आहे.

याच कायद्याचे कलम 23 आपल्याला अधिक उपयोगाचे आहे, आणि त्याची एक मोठी परीक्षा आपल्याच शहरात झाली. छतरपूरच्या एका आईने 1968 मध्ये घेतलेली मालमत्ता 7 सप्टेंबर 2019 रोजी बक्षीसपत्राने मुलाच्या नावे केली. त्याच दिवशी मुलाने वचनपत्र लिहून दिल्याचे तिचे म्हणणे : मी सांभाळ करीन, न केल्यास बक्षीसपत्र परत घ्यावे. पुढे सांभाळ होईना, म्हणून डिसेंबर 2020 मध्ये तिने अर्ज केला. एसडीएम, जिल्हाधिकारी आणि जबलपूरच्या उच्च न्यायालयातील एकल न्यायाधीश यांनी तिच्या बाजूने निकाल दिला. मात्र ऑक्टोबर 2022 मध्ये त्याच उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने तो फिरविला. बक्षीसपत्रातच सांभाळाची अट लिहिलेली नाही, असे त्याचे म्हणणे. अखेर 2 जानेवारी 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने बक्षीसपत्र रद्द ठरवून मालमत्तेचा ताबा आईला परत देण्याचा आदेश दिला. हा कायदा ज्येष्ठांच्या हिताचा आहे, त्याचा अर्थही त्यांच्या हिताकडे पाहून उदारपणे लावावा, अशी न्यायालयाची भूमिका. 'ऊर्मिला दीक्षित खटला' म्हणून हा निकाल ओळखला जातो.

पण चार वर्षे गेली. त्या वयात चार वर्षे म्हणजे किती, हे मी सांगायला नको. डिसेंबर 2022 च्या दुसऱ्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयानेच, सांभाळाची अट सिद्ध झाल्याशिवाय कलम 23 लागू होत नाही, असे म्हटले आहे. 'नटसम्राट'मधले अप्पासाहेब बेलवलकर सारे काही मुलांना देऊन मोकळे होतात आणि प्रेक्षक 1970 पासून रडत आले आहेत. त्या काळी हा कायदाच नव्हता, आणि असता तरी अप्पासाहेबांनी अट लिहून घेतली असती, असे मला वाटत नाही. आपण घ्यावी. घर मुलांच्या नावे करायचेच असेल, तर बक्षीसपत्रातच स्पष्ट वाक्य असू द्या : घेणाऱ्याने देणाऱ्याचा हयातभर सांभाळ करावा, अन्न, औषधोपचार आणि राहण्याची जागा द्यावी; न दिल्यास हे बक्षीसपत्र रद्द करून घेता येईल. मुलाला राग येईल, असे अनेक जण म्हणतात. या एका वाक्याचा ज्याला राग येतो, त्याच्याबद्दल बक्षीसपत्र करण्यापूर्वीच कळलेले बरे. खरे तर मृत्युपत्र करून हयातीत घर स्वतःच्या नावे ठेवणे, हा माझ्या मते अधिक शहाणा मार्ग आहे.

महाराष्ट्रात लातूर जिल्हा परिषदेने आईवडिलांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या पगारातून तीस टक्के कापण्याचा मार्ग धरला. पगार कापून माया येत नाही, हे खरे. पण औषधे येतात.

ज्येष्ठांसाठी 14567 ही देशभर चालणारी नि:शुल्क 'एल्डरलाइन' आहे. शेजाऱ्यानेही तिथे फोन करावा. हा क्रमांक आज घरी जाऊन आजीआजोबांच्या फोनमध्ये घालून द्यावा आणि भिंतीवर ठळक अक्षरांत लिहावा, कारण फोन काढून घेतला जातो, भिंत काढून घेता येत नाही.

शेवटी संयोजकांना एक मागणी. स्मरणिकेसाठी आपण माजी विद्यार्थी व शिक्षकांचे पत्ते जमविले आहेत. त्यांतील सत्तरीपुढची, जबलपुरात राहणारी नावे वेगळी काढावीत आणि प्रत्येक नावापुढे महिन्यातून एकदा घरी जाऊन चहा पिणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याचे नाव लिहावे. निवृत्त शिक्षकांपासून सुरुवात व्हावी. यादी बाहेरच्या टेबलावर ठेवायला मी सांगितले आहे; त्यातल्या दोन नावांपुढे माझे नाव लिहून झाले आहे.