घरातला मोठा पडदा

प्रोजेक्टरला काळा रंग फेकता येत नाही. तो फक्त प्रकाश फेकतो; चित्रातला काळा म्हणजे पडद्याचा तो भाग, जिथे त्याने प्रकाश टाकलेला नसतो. यंत्र बंद असताना पडदा जितका उजळ दिसतो, त्याहून गडद काळा कितीही पैसे मोजले तरी मिळत नाही. म्हणून निवड खोलीपासून सुरू करावी लागते. बहुतेक घरांत आधी यंत्र येते आणि खिडक्यांना जाड पडदे लावायचे नंतर सुचते.

शहरी सदनिकेतला १० फूट रुंद, १५ फूट लांब हॉल उदाहरणाला घेता येईल. १६:९ प्रमाणाचा, १०० इंच कर्णाचा पडदा २२१ सेंमी रुंद आणि १२५ सेंमी उंच असतो. दहा फुटी भिंतीवर तो दोन्ही बाजूंना स्पीकरची जागा राखून बसतो. सोफा मागच्या भिंतीला टेकवला, तर डोळ्यांपासून पडद्याचे अंतर साधारण साडेतेरा फूट होते आणि पडदा सुमारे ३० अंशांचा कोन व्यापतो. चित्रपटासाठी याहून लहान चित्र फिके वाटते. सोफा अडीच फूट पुढे ओढला की कोन ३६ अंशांच्या आसपास जातो. फर्निचर हलवण्याला खर्च नाही, तरी हा उपाय घरोघरी सर्वांत शेवटी केला जातो.

आता प्रकाश. डिजिटल सिनेमागृहात पडद्याच्या उजळपणाचे प्रमाण ४८ निट ठरलेले आहे. साध्या पांढऱ्या १०० इंची पडद्यावर तेवढा उजेड मिळायला जेमतेम ४२० लुमेन पुरतात. तरीही अंधाऱ्या खोलीसाठी १५०० ते २००० लुमेनचे यंत्र घेतात, त्याला कारणे आहेत: रंग अचूक ठेवणाऱ्या ‘सिनेमा’ मोडमध्ये उजेड बराच घटतो, दिवा वापराने मंदावतो आणि एचडीआर चित्राला जास्त प्रकाश लागतो. पडदा १२० इंची केला तर क्षेत्रफळ ४४ टक्क्यांनी वाढते आणि तोच प्रकाश तितका पातळ पसरतो. दिवे लावून क्रिकेट पाहायचे असेल तर ३००० लुमेनही फार नाहीत. हे आकडे एएनएसआय किंवा आयएसओ पद्धतीने मोजलेले हवेत. स्वस्त एलईडी प्रोजेक्टरच्या खोक्यावर छापलेल्या दहा-बारा हजारांच्या आकड्याला मोजमापाचा आधार बहुधा नसतो. ‘४के सपोर्ट’ या शब्दांचेही तसेच: यंत्र ४के फाइल स्वीकारते, दाखवते मात्र कित्येकदा १०८० किंवा ७२० ओळींचेच चित्र. पाहायचे ते ‘नेटिव्ह’ रिझोल्यूशन.

चित्र घडवण्याच्या तीन पद्धती प्रचलित आहेत. डीएलपीमधली सूक्ष्म आरशांची चिप टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समधील लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ मध्ये तयार केली. घरगुती यंत्रात अशी एकच चिप असते आणि ती लाल, हिरवा, निळा हे रंग पाठोपाठ दाखवते. त्यामुळे काहींना नजर फिरवताना इंद्रधनुषी रेघा दिसतात. हा त्रास प्रत्येकाला होत नाही, म्हणून घरातल्या सर्वांनी आधी पाहून घेणे शहाणपणाचे. थ्रीएलसीडीत तिन्ही रंग एकाच वेळी येतात, रेघा नसतात. एलसीओएस पद्धतीत, म्हणजे सोनी आणि जेव्हीसीच्या यंत्रांत, काळा सर्वांत गडद उतरतो. किंमतही तशीच चढी. मात्र पांढऱ्या भिंती आणि पांढरे छत असलेल्या हॉलमध्ये पडद्यावरचा उजेड उलटून पुन्हा पडद्यावरच येतो आणि उजळ दृश्यांत त्या काळ्याचा मोठा हिस्सा वाया जातो. तेथे आधी पडद्याजवळचे छत आणि बाजूच्या भिंती गडद, बिनचमकीच्या रंगात रंगवणे अधिक फायद्याचे.

यंत्र कुठे बसेल हे थ्रो रेशोवरून कळते: अंतराला पडद्याच्या रुंदीने भागायचे. रेशो १.५ असेल तर १०० इंची चित्रासाठी ३.३ मीटर, म्हणजे जवळपास ११ फूट लागतात. तिथे नेमका पंखा येतो का, हे खरेदीआधी मोजावे. पंख्याचे पाते किरणांच्या वाटेत आले तर चित्र लुकलुकते. यंत्र मध्यरेषेपासून वर किंवा बाजूला बसवावे लागल्यास लेन्स शिफ्टची सोय हवी. कीस्टोन दुरुस्तीने चौकट सरळ दिसते, पण त्यासाठी चित्राचे पिक्सेल खर्ची पडतात आणि बारकावे पुसट होतात. भिंतीलगत ठेवायच्या अल्ट्रा शॉर्ट थ्रो यंत्राला पडदा अगदी ताठ आणि सपाट लागतो. गुंडाळता येणाऱ्या साध्या पडद्याची जराशी लाटही त्यात दिसते.

दिव्याचे आयुष्य काही हजार तासांचे, लेझरचे साधारण २०,००० तासांचे सांगितले जाते. रोज चार तास धरले तर तेरा वर्षांहून अधिक. दिवा विझल्यावर पंखा थोडा वेळ चालू राहून तो थंड करतो, म्हणून वारंवार वीज जाणाऱ्या गावी दिव्याच्या यंत्राला यूपीएस जोडावा. फिल्टर असलेल्या यंत्रात तो धुळीच्या दिवसांत नेहमीपेक्षा लवकर साफ करावा लागतो. छताला टांगलेल्या यंत्राचा फिल्टर किंवा दिवा ब्रॅकेट न सोडवता निघतो का, हे दुकानातच विचारून घ्यावे.